चाकूचा आवाज

रेआल : दगडांची पेटी धुऊ ना? नळ सोडतो मी.

हेदर : नको! पाणी मारू नकोस. उलट करवतीखालची दगडाची धूळ आण मूठभर आणि ड्रिलमधून निघालेल्या या तीन दगडी कांड्यांवर टाक.

रेआल : कालच तर तू धुतल्यास. एकशे एक्केचाळीस मीटर खोलीवरून निघालेला तुकडा छातीशी धरून नाचत होतीस.

हेदर : काल मास्तर येणार नव्हते.

रेआल : अकरा वर्षं ड्रिल चालवतोय, दगडाला पावडर कधी लावली नाही बाई.

हेदर : खाणीचा हक्क अजून त्यांच्या नावावर आहे, रेआल. तो कंपनीला विकण्याआधी दगड त्यांना दाखवायचा, असं करारात लिहिलंय. इथं सोनं आहे कळलं तर ते हक्क सोडायची सही करतील?

रेआल : का करतील? बत्तीस वर्षं पायी हिंडून शोधलेली जागा.

हेदर : आणि सोनं नाही म्हटलं तर आजच करतील, शब्द दिलाय त्यांनी. मग उन्हाळ्यापासून या खाणीची मुख्य मी. तुझ्या ड्रिललाही इथंच काम. नाहीतर जा परत लॅब्रॅडोरला, बर्फात.

रेआल : तुला दगड ओळखायला त्यांनीच शिकवलं म्हणे. चर्चच्या तळघरात, दर शनिवारी.

हेदर : सात वर्षांची होते. आले बघ. तू तोंड उघडू नकोस. या मास्तर, उंबऱ्याशी बर्फ आहे, जपून.

मास्तर : उंबरा ठाऊक आहे मला. हा घे वेलदोड्याचा पाव, घरून सेन्नीनं पाठवलाय. ‘हेदर वाळली असेल’ म्हणाली. आणि हा कोण उभाय?

रेआल : रेआल, मास्तर. ड्रिलवाला.

मास्तर : मग पहिला तुकडा तुला. भोक तू पाडलंस, आम्ही नुसते बघे. आणि मी तर तोही नाही उरलो. डोळ्यांत मधोमध काळा डाग, फक्त कडेकडेचं दिसतं. कुठाय माझी पेटी?

हेदर : ही तुमच्यासमोर. भोक रिकामं निघालं मास्तर. सगळी पांढरी गारगोटी. मला फार वाईट वाटतंय.

मास्तर : दगडाचं वाईट वाटून घ्यायचं नाही. कोरडी का गं? आधी काय करायचं, काय शिकवलं होतं मी?

हेदर : आधी आंघोळ, मग ओळख.

मास्तर : शाबास. मग?

हेदर : नळ गोठलाय सकाळपासून.

मास्तर : मार्चमध्ये? बरं. थांब, थांब. मान तिरकी केली की दिसतं मला. इथं काहीतरी पिवळं चमकलं.

हेदर : खोटं सोनं आहे ते, मास्तर.

मास्तर : असेल. पण नुसतं म्हणून चालतं का? सिद्ध कर. हा घे चाकू. माझी बोटं थंडीनं कधीच बधिर झालीत, पण कान शाबूत आहेत. खऱ्यावर पातं ओढलं तर?

हेदर : सोनं मऊ. गुपचूप कापलं जातं.

मास्तर : आणि खोट्यावर?

हेदर : ओरडतं.

मास्तर : ओढ.

(दगडावर पातं घासल्याचा कर्कश आवाज.)

मास्तर : पुन्हा एकदा. त्या पिवळ्यावरच ना?

हेदर : त्यावरच. ऐका.

मास्तर : ओरडलं. रेआल, तुला आलं ऐकू?

रेआल : ...आलं, मास्तर.

मास्तर : संपलं तर. मी या टेकडीला उगाच इतकी वर्षं लाडावलं. सेन्नी म्हणायची, सवत आहे माझी. आण तो कागद.

हेदर : घाई नाही. कॉफी घ्या आधी.

मास्तर : कॉफी प्यालो तर सही करवणार नाही. रेघ कुठंय?

हेदर : इथं. तुमचं बोट ठेवते रेघेवर.

मास्तर : भिंगाखाली मुंगी बघायला असंच तुझं बोट धरायचो मी. आठवतं? मुंगी बघून रडलीस. झाली सही?

हेदर : झाली. हा तुमचा चाकू.

मास्तर : राहू दे तुझ्याकडे. दुसरा कुणी असता तर माझं मन राखायला ‘थोडं आहे, मास्तर’ म्हणाला असता. तू नाही म्हणालीस. शनिवारी मुलांपुढे आता तूच उभी राहा. त्यांना तो आवाज ऐकव. नको, सोडायला येऊ नकोस. वाट पायांना पाठ आहे.

रेआल : गेले.

हेदर : दार लाव. थंडी येते.

रेआल : पातं गारगोटीवर ओढलंस ना तू? दोन्ही वेळा?

हेदर : हो.

रेआल : आणि पिवळ्यावर ओढलं असतंस तर?

हेदर : काहीच ऐकू आलं नसतं.