परत येण्याचा पुरावा

करवीरनिवासिनी अंबाबाईला वंदन करून सांगतो, आजही आठवले की संताप होतो. आमची सून एल्सा जन्माने जर्मन, पासपोर्टही तिकडचाच. तिची बहीण दुसऱ्याच देशात बाळंत व्हायची होती आणि तिच्यापाशी कुणी नव्हते. म्हणून त्या देशाचा व्हिसा मागायला एल्सा आणि मी त्यांच्या मुंबईच्या वकिलातीत गेलो. खिडकीतला मराठी गृहस्थ म्हणाला, "बाई परदेशी. कोल्हापूरला परत येतील याचा पुरावा काय?"

मी कडाडलो, "अहो, आमच्या घरी नांदते आहे ती! सुनेकडे पुरावा मागता?"

"आजोबा, नियम आहे."

तोच एल्सा पुढे सरसावली. "अवो सायेब, भादव्यात गौरी हायत की! आमच्यात सुनंनंच नदीवरनं आणायच्या असत्यात. सासूबाई न्हाईत आता. मी न्हाई आलो तर कोण आणणार, तुम्ही?"

गृहस्थ हसू दाबत आत गेला आणि व्हिसा घेऊनच परतला.

भाद्रपदात एल्साच्याच पावलांनी गौर घरात आली. माझा राग मात्र गेला नाही. तुम्हा सर्वांच्या घरी लक्ष्मी अशीच उंबरा ओलांडून येवो, आणि तिच्याकडे कुणी पुरावा न मागो.