रिलीजवाली बाइंडिंग

अरे, दोह्यात तेव्हा कंपनीने ‘रिलीज’, म्हणजे सोडल्याचं पत्र, दिल्याशिवाय नोकरी बदलता यायची नाही. तो शब्द ऑफिसात मोठ्याने बोलायचाच नाही, आणि मी बोललो!

वर्ल्ड कपसाठी लुसैलच्या स्टेडियमचं काम ऐन भरात. जॉर्जियाच्या सुट्टीसाठी मी ऑफिसात बसून ऑनलाइन स्कीबोर्ड, म्हणजे बर्फावर घसरायच्या आखूड पट्ट्या, घेत होतो. त्यावर बूट पकडणारी बाइंडिंग दोन प्रकारची: पडल्यावर आपोआप सुटणारी, म्हणजे ‘रिलीज’वाली, आणि स्वस्तातली, न सुटणारी. बायको फोनवर म्हणाली, “स्वस्तातली घे.”

मी ओरडलो, “छे! मला रिलीजच पाहिजे!”

पाच मिनिटांत मॅनेजरसाहेबांचं बोलावणं. “कौनसी कंपनी में जा रहा है?”

मी घाबरून बाइंडिंगचा फोटो दाखवला. साहेबांच्या जिवात जीव आला.

“पैर को रिलीज दे दिया. तेरे को वर्ल्ड कप के बाद, इन्शाल्ला!”