अकरा नावांचं कुलूप

मंडळी, टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. पेटीचा सूर राहू द्या, पण बारीक. आता एक प्रश्न ऐका, आणि लगेच उत्तर देऊ नका – लगेच दिलेली उत्तरं बहुतेक पाठ केलेली असतात.

दुसऱ्याची ठेव सांभाळायची, म्हणजे करायचं काय? सोनं असलं तर सोपं आहे. कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला खोचली. पण कुणी येऊन आपल्या कानात एक गोष्ट ठेवून गेलं तर? "तोंड बंद ठेवायचं" – मागून कुणीतरी म्हणालं. बरोबर आहे बाई तुमचं. पण तोंड बंद ठेवूनही गोष्ट गावात गेली तर? तोंड बंद, कपाट बंद, कुलूप जिथल्या तिथे – आणि ठेव गेली! मग चोर कुणाला म्हणायचं?

त्याचंच हे आख्यान. यात राजा नाही, ऋषी नाही, कुणाचा कुणाला शाप नाही. एक बाई आहे आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पेनड्राइव्ह आहे. हसलात? हसा. पुढे जागा मिळेलच असं नाही.

बाईंचं नाव शालनताई आवटी. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात त्यांचं वधूवर सूचक केंद्र. केंद्र म्हणजे घरातलीच पुढची खोली – एक टेबल, चार खुर्च्या, लॅपटॉप आणि भिंतीवर जुळवलेल्या जोड्यांचे फोटो. बावीस वर्षांचं काम. लोक यायचे स्थळ बघायला आणि जायचे मन रिकामं करून. कुणाचा साखरपुडा मोडलेला, कुणाचे वडील दारूत गेलेले, कुणा मुलाच्या पाठीवर कोडाचा डाग. डॉक्टरला माणूस आजार सांगतो, वकिलाला भांडण सांगतो. लग्न जुळवणारीला सगळं घर सांगतो.

शालनताई चहाडखोर नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही आत्ताच निकाल लावून मोकळे व्हाल. सख्ख्या बहिणीनं विचारलं तरी त्या चहाचा विषय काढायच्या.

मग एकदा काय झालं – शेजारच्या गावातल्या अशाच एका केंद्रवाल्यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. आतलं पुसायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही. आठवड्याभरात मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर, सगळं या मोबाइलवरून त्या मोबाइलवर. एका मुलीला तर नोकरी बदलावी लागली. शालनताईंनी हे ऐकलं आणि दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्या लॅपटॉपमध्ये तीनशे चाळीस घरं आहेत! उद्या आपलंच असं झालं तर?

उठल्या आणि बाजारात इकबालभाई मोमीन यांच्या दुकानात गेल्या. भाई कॉम्प्युटरचं सामान विकतात, माणूस नेमस्त. त्यांना म्हणाल्या, जे जे काही बंदोबस्ताचं मिळतं ते दाखवा.

मंडळी, साडीच्या दुकानात बसावं तशा बसल्या! भाईंनी एकेक काढून समोर ठेवलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकवायचं एक इवलंसं झाकण – कॅमेऱ्याला पापणीच. पडद्यावर लावायची काळसर काच – समोर बसलेल्याला पौर्णिमा, बाजूच्याला अमावास्या. चार्जरच्या टोकाला लावायचं बोटाएवढं बोंड – एसटी स्टँडवर फोनला वीज पाजतं, पण आतलं काही बाहेर सांडू देत नाही. टपालाची किल्ली – परवलीचा शब्द कुणी चोरला तरी ही खोचल्याशिवाय ईमेल उघडायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी तो पेनड्राइव्ह. अंगठा ठेवला तर उघडणार, नाहीतर पाषाण.

इकबालभाईंनी सगळं जोडून दिलं आणि जाता जाता म्हणाले की ताई, केंद्राची सगळीच माहिती या अंगठ्याच्या कुलपात हलवा, लॅपटॉपवर काही ठेवू नका. ताई मनात म्हणाल्या, भाईंना धंदा कळतो, संसार कळत नाही. सगळं कशाला? रोजची भांडी आपण कपाटात ठेवतो का? ती मांडणीवर. कपाटात जातो तो शालू. चारचौघांसारख्या मुलींची माहिती राहू दे उघडी, त्यात लपवण्यासारखं काय आहे? ज्यांचं काही नाजूक आहे, तेवढ्यांचं कुलपात.

आता सांगा, चूक झाली का? तुम्ही माना हलवताय, पण तुम्हीही हेच केलं असतंत. मीही केलं असतं.

तर अकरा नावं निघाली. अकरा जणांचे फोटो, पत्रिका आणि एकेक टिपण कुलपात गेलं. बाकी तीनशे एकोणतीस लॅपटॉपवर. पेनड्राइव्ह गळ्यात, मंगळसूत्राशेजारी. शालनताईंना झोप लागायला लागली.

अकरातलं एक नाव मृदुला कोरे. सत्तावीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बोलायला मोजकी. नाव नोंदवायला आली ती एकटीच आली आणि बसल्या बसल्या म्हणाली की काकू, मला शाळेत असताना फिट यायच्या. नऊ वर्षं झाली, एकही आलेली नाही. एक गोळी असते. डॉक्टर म्हणतात लग्नाला, मुलांना, कशालाच अडचण नाही.

ताईंनी पेन खाली ठेवलं. मृदुला पुढे म्हणाली, "हे मला लपवायचं नाहीये, काकू. होकाराच्या आधी मुलाला मी सांगणारच. पण मी सांगणार. माझ्या तोंडानं, तो एकटा समोर असताना. तोवर तुमच्यापाशी राहू दे."

ऐकलंत? तुमच्यातल्या काहींच्या मनात केव्हाचं आलंय – आजार लपवून लग्न म्हणजे फसवणूक. आहेच! पण लपवणं वेगळं आणि आपली गोष्ट आपण सांगणं वेगळं. पोरीनं मागून मागितलं काय? तर स्वतःची गोष्ट स्वतः सांगायचा हक्क. एवढीच ती ठेव.

ताईंनी मान हलवली. टिपण केलं, ते अशासाठी की विसरून आपल्याच तोंडून भलतं काही जायला नको. अंगठा लावला, कुलूप.

पुढे महिन्याभरानं पार्वतीबाई हुक्केरी आल्या. मुलगा मल्लिकार्जुन, साखर कारखान्यात केमिस्ट, स्वभावानं शांत. शांतच होणार – घरात बोलण्याचं खातं आईकडे. पार्वतीबाईंनी चार मुली बघायला मागितल्या.

पहिली मुलगी. ताईंनी लॅपटॉपवर बोट टेकवलं, फोटो समोर. दुसरी, तशीच. तिसरी मृदुला कोरे. आणि इथे, मंडळी, जरा सावकाश बघा.

शालनताईंनी आधी खुर्ची मागे घेतली. कॅमेऱ्याचं झाकण सरकवलेलं आहे ना बघितलं. लॅपटॉप स्वतःकडे वळवला. गळ्यातला दोरा काढला. अंगठा ठेवला, तर तांबडा दिवा – सकाळी भाकरी थापलेल्या, ठसा उमटेना. पदराला पुसला, पुन्हा तांबडा. फुंकर घातली, पुन्हा पुसला, आणि हिरवा लागला. मग लॅपटॉप वळवून फक्त फोटो आणि पत्रिका दाखवली. टिपणाचं पान उघडलंच नाही. पेनड्राइव्ह काढून परत गळ्यात घातला आणि चौथी मुलगी दाखवली – लॅपटॉपवर बोट टेकवून.

ताई मनातून तृप्त होत्या. एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं.

आणि पार्वतीबाई? त्या चहा पीत होत्या. तीस वर्षं संसार केलेली बाई ती. कुठल्या घरात लाडू कोणत्या डब्यात आहेत, हे त्या डब्याला हात न लावता सांगणारी! ज्याचं झाकण सगळ्यात घट्ट, तोच. चार डब्यांत एकच डबा घट्ट निघाला, तर आत काय आहे हे नाही कळलं – पण काहीतरी आहे, हे तर कळलं ना? त्यांनी एवढंच विचारलं की ही कोरे म्हणजे कुठल्या गल्लीतले. ताईंनी गल्ली सांगितली. गल्ली तर पत्रिकेवरच होती.

त्या गल्लीत पार्वतीबाईंच्या नणंदेची जाऊ. फोन केला. हिला काही आजार आहे का, असं विचारलं नाही हं! तसं विचारलं तर जाऊ सावध झाली असती. त्या म्हणाल्या की अगं, त्या कोऱ्यांच्या मुलीला मागे झालं होतं ते आता बरं आहे ना? आणि पलीकडची भाबडी म्हणाली, हो तर, फिटचं ना, आता गोळीवर अगदी छान आहे.

खडा टाकला आणि विहिरीनं पाणी दाखवलं.

मग रविवारी सकाळी कोऱ्यांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम. पाहुणे, शेजारी, दोन्हीकडची मिळून वीस माणसं. शालनताई कोपऱ्यात. पोहे झाले. मृदुला येऊन बसली. आता दोघांना गच्चीवर बोलायला पाठवायचं ठरलं होतं. ती तिथेच सांगणार होती. कसं सुरू करायचं ते वाक्यसुद्धा तिनं चार दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. उठणार, तेवढ्यात पार्वतीबाईंनी विचारलं – अगदी गोड आवाजात –

"गोळी सकाळी घेतेस की संध्याकाळी?"

मृदुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मल्लिकार्जुन फरशीकडे बघत बसला. आणि मृदुलानं कुणाकडे बघितलं असेल? पार्वतीबाईंकडे नाही, मुलाकडे नाही. कोपऱ्यातल्या शालनताईंकडे. एकदाच.

मग म्हणाली, "संध्याकाळी. जेवणानंतर." आणि कपबश्या गोळा करून आत गेली.

गंमत ऐका. आठ दिवसांनी हुक्केऱ्यांकडून होकार आला! मुलानं स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारलं, काही अडचण नाही म्हणाले. मुलगा वाईट नव्हताच. कोऱ्यांच्या घरात दिवाळी व्हायची ती, पण मृदुलानंच नकार दिला. आई रडली, वडील बोलायचे थांबले. ती म्हणाली, जे मी विश्वासानं देणार होते ते त्यांनी हिसकावून घेतलंय. आता त्यांना द्यायला माझ्याकडे काय उरलं? आणि त्यानं तेव्हा एकदा मान वर केली असती, तरी मी विचार केला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रात आली. शालनताई तिच्या आधी बोलायला लागल्या. देवाची शपथ, पोरांची शपथ. दोरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला, हा बघ, एक दिवस उतरवलेला नाही, अंघोळीलासुद्धा. अंगठ्याशिवाय उघडत नाही, आणि अंगठा माझा आहे.

मृदुलानं पेनड्राइव्ह हातात घेऊन बघितला. यात कितीजण आहेत, असं विचारलं. ताई म्हणाल्या, अकरा. आणि बाकीचे? बाकीचे लॅपटॉपवर. मग त्या दिवशी तुम्ही माझी माहिती कशी दाखवलीत, असं तिनं विचारलं, आणि ताईंनी सांगितलं. झाकण, अंगठा, पदर, तांबडा, हिरवा. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मृदुलानं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. म्हणाली, "काकू, आमच्या लॅबमधून रोज दीडशे रिपोर्ट जातात. सगळे एकसारख्या पाकिटात, सगळी पाकिटं डिंकानं चिकटवलेली. साधी साखर तपासलेली असली तरी. एकदा नवीन बाई म्हणाली, एवढा डिंक कशाला, ज्यांना मोठा आजार निघालाय तेवढीच चिकटवू. तुम्हीच सांगा काय झालं असतं. पाकीट हातात पडल्या पडल्या, न फोडताच, माणूस मेला असता."

शालनताईंनी डोक्याला हात लावला. ओरडली असती पोरगी तर सोसलं असतं त्यांनी. तिनं समजावून सांगितलं, हे सोसवेना. तुझं नाव काढून टाकू का, एवढंच त्या विचारू शकल्या.

"नाव राहू दे," मृदुला म्हणाली. "मला एकटीला नका काढू. एकटीला काढलंत तर पुन्हा तेच."

ती गेल्यावर ताईंनी दार लावलं आणि राहिलेली तीनशे एकोणतीस घरंही कुलपात घातली. चार दिवस लागले. त्या रविवारी एक पाहुणे आले. त्यांना दाखवायची मुलगी अगदी निरोगी, घराणं स्वच्छ, सांगण्यासारखं काही नाही आणि न सांगण्यासारखंही काही नाही. ताईंनी गळ्यातला दोरा काढला, अंगठा पुसला, हिरव्या दिव्याची वाट बघितली. पाहुण्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "हिचं काय आहे हो?"

ताई म्हणाल्या, "सगळ्यांचंच असं आहे."

मंडळी, आता तुमच्याकडे वळते. पेनड्राइव्ह तुमच्या गळ्यात नसेल. पण चार बायका बोलत असताना एकीचं नाव निघालं की तुमचा आवाज खाली येतो की नाही? जावेचा विषय निघाला की तुम्ही भाजीचा विषय काढता की नाही? "मी बाई काही बोलणार नाही" – हे वाक्य कुणाबद्दल म्हणता आणि कुणाबद्दल म्हणत नाही? तिथेच दिवा तांबडा लागतो! समोरची पार्वतीबाई चहा पीत बघत असते. राखण करायची तर सगळ्यांची सारखी करा. जिच्याकडे झाकण्यासारखं काही नाही तिचीही करा – कारण तिच्या आडोशानंच दुसरी कुणीतरी झाकली जाते.

आणि आता मला दिसतंय, पुढच्या रांगेतल्या काकू चार बोटं पुढे सरकल्यात. उजवीकडचे आजोबा कानामागे हात धरून बसलेत. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आहे – मृदुलाचं पुढे काय झालं? लग्न झालं का? कुणाशी? त्याला सांगितलं का तिनं?

मला माहीत आहे.

सांगणार नाही. ते तिचं आहे, सांगायचं तर ती सांगेल.

चला, टाळ उचला. देवापुढे हात जोडताना कुणाचं तरी गुपित आत्ता तुमच्याही मनात वर आलं असेल. ते नाव ओठांवर आणू नका, शेजारणीकडे बघूही नका. देवाला ते कधीचंच ठाऊक आहे, आणि तो अजून कुणाला बोललेला नाही.