डिस्कने उत्तर दिलं होतं

“ताई, तुम्ही नवरा-बायको आहात का?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून नुकतीच दहावी झालेल्या तिने बसच्या रांगेत लॅपटॉपवर भांडणाऱ्या दोघांना विचारलंच.

“नाही गं बाई, एकाच ऑफिसातले आहोत!”

तो पुन्हा लॅपटॉपकडे वळला. “मॅडम, हॉस्पिटलच्या सर्व्हरची डिस्क वेळेत उत्तर देत नाहीये. थांबायची मुदत वाढवू या. तिथलं सगळं काम खोळंबलंय.”

“आणि पेशंटच्या नोंदी पुन्हा उडाल्या तर? चुकीचं औषध जाईल कुणाला.”

“मग डिस्कच मेलीय.”

“हे बघ, डिस्कने उत्तर दिलंय. तिच्याशी बोलणाऱ्या आपल्या प्रोग्रामने, ड्रायव्हरनेच, ते ऐकलं नाही.”

“अरे देवा! तो तर मीच लिहिलाय.”

“मग शोध. साहेबांना मी सांभाळते.”

बस आली, गेली. दोघं हलली नाहीत. तीही नाही.

घरी चपला न काढताच ती म्हणाली, “आई, बाबा, कॉमर्स नाही. मी कॉम्प्युटर सायन्सला जाणार. विचारत नाहीये, सांगतेय.”