पाठीवरचे बारा शब्द

– नाही नाही, ऐकू आलं मला, कान शाबूत आहेत अजून. बारा जॅकेटं, काळी, आतून अस्तर, आणि पाठीवर भरतकामात एकेक शिवी. बरोबर? परत म्हणायला लावलं ते एवढ्यासाठी, की तीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय मी, पाठीवर फुलं भरली, पोपट भरले, एका बाईला तर तिच्या मांजराचं तोंड भरून दिलं – पण 'म्हैस' भरून द्या म्हणत आजवर कुणी आलं नव्हतं. बसा ना. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, इकडे बसा, कापडं सरकवा खुशाल. हं, दाखवा तुमच्या चिठ्ठ्या. अच्छा, म्हणजे प्रत्येकीने आपल्याला मिळालेली शिवी लिहून दिलीय, आणि चिठ्ठीवर आहे तेच अक्षर पाठीवर हवंय, मोठं करून. हौस असावी तर अशी.

बघू. 'म्हैस'. 'टवळी'. 'हडळ'. 'फळी' – ही काटकुळी असणार बिचारी, माप बघा ना, हिच्या पाठीवर दोन अक्षरं मावली तरी पुष्कळ. 'वांझोटी' – हं. हिला कोण म्हणालं? सासू? सख्खी बहीण! कमाल आहे. 'उंडगी'. 'चवचाल'. आणि हा पुढचा मी मोठ्याने वाचत नाही, पलीकडे चष्म्याचं दुकान आहे, त्या माणसाचे कान भिंतीला चिकटलेले असतात. पण अक्षर काय देखणं आहे हो! इतकी घाण शिवी इतक्या सुबक अक्षरात मी जन्मात पाहिली नाही. शिक्षिका आहे ना? वाटलंच. रेघेवर लिहिलंय बघा.

आणि हे घालून करायचं काय? चौकात उभं राहायचं – तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे, तासभर, न बोलता. वा. म्हणजे ज्याने तो शब्द फेकला त्याच्याकडून तो काढून घ्यायचा, आपला करायचा, मग तो लागत नाही – असंच ना? अहो ताई, तो फेकणारा येईल, वाचेल आणि म्हणेल, बघा, आता स्वतःच कबूल केलं! त्याचं तर कामच झालं, त्याला तोंडही उघडायला नको, तुम्हीच पाटी लावून उभ्या. – काय म्हणालात? – लोक पाठीमागेच बोलतात, म्हणून पाठीवर. आता समोर येऊन वाचा म्हणावं. हं. हे बरं आहे. नाही, तुम्हाला हसत नाहीये मी, ओठांत टाचण्या धरल्या की तोंड असंच दिसतं माझं.

तुमचा शब्द कुठला? टवळी? दिसत नाही तुम्ही तशा, पण असो, दिसण्यावर कुठे मिळतात शिव्या. उठा, आलाच आहात तर तुमचं माप मीच घेते, हे कागदावरचे आकडे मला पटत नाहीत. हात लांब. सरळ बघा. श्वास सोडा. सोडा म्हटलं ना – बघा! ओढलंत की नाही पोट आत? भर चौकात जगाला पाठ दाखवणार, आणि एका टेपला घाबरलात! लाजू नका, सगळ्या करतात. तीस वर्षांत ह्या पडद्यामागे डॉक्टरणी आल्या, वकिलिणी आल्या, एक तर पोलिसातली आली होती, कमरेचा पट्टा काढून ठेवून – टेप लावला की सगळ्यांचं पोट आत. आणि वर मला सॉरी म्हणतात! 'पोट जरा सुटलंय हं, सॉरी.' 'दंड फार भरलेत हो, सॉरी.' मला कशाला सॉरी? तुमचे दंड काय मी उचलून घरी नेणार आहे? आणि पुरुष यायचे बाहेरच्या बाजूला, मास्तरांकडे – मास्तर म्हणजे माझे यजमान, बेतायचं-कापायचं काम त्यांचं, गेले ते चार वर्षांपूर्वी – तर ते पुरुष एवढं पोट घेऊन यायचे, बटण लागलं नाही की म्हणायचे, मास्तर, तुमचं कटिंग चुकलं. सॉरी म्हणून एकाने म्हटलं नाही. बसा. अडतीस आहे तुमची कंबर, कागदावर छत्तीस लिहिलीत.

अकरा झाल्या. बारावी कुठाय? ही? ही अशी पिवळी का –

कुठून आणलीत तुम्ही ही?

– नाही, काही नाही. उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर. 'पिंप'. बरं. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. बाकीच्या चिठ्ठ्या नव्या कोऱ्या, आणि हीच एवढी जुनी. – तिने जपून ठेवली होती. – हेच अक्षर हवं. – हो का. आणि ती स्वतः नाही आली. माप तिने घरीच घेतलं. आणि जॅकेटं ह्याच दुकानात टाका, असं तीच म्हणाली? आणि तुम्हाला काही बोलली नाही ती, हे दुकान कुणाचं वगैरे? काहीच नाही. वा. गुणाची आहे.

सांगते ना, लपवण्यासारखं काय आहे. ही आमच्या दुकानातली चिठ्ठी आहे. आता तुम्हीच पाहिलंत, बायकांच्या मापाचा आकडा कधी खरा नसतो, श्वास रोखून दिलेला असतो. मी पडद्यामागे माप घ्यायची, मास्तर बाहेर कापायचे. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी काय ओरडून सांगू, की अहो, हिने पोट ओढलंय, दोन बोटं जास्त धरा? म्हणून चिठ्ठी. कापडाला टाचून द्यायची, तिच्यावर एक शब्द. 'घागर' – म्हणजे कमरेखाली सैल सोडा. 'फळी' – पुढे चुण्या घाला. 'पिंप' – चारी बाजूंनी दोन-दोन बोटं. मास्तर बरोबर कापायचे, कपडा चापूनचोपून बसायचा, बाई आरशात बघून खूश. शेवटी चिठ्ठी काढायची, टोपलीत टाकायची. कुणाला कळलं नाही, कुणाला लागलं नाही. ह्यात शिवी कसली? माप आहे ते. तुमच्या त्या शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका हं. – असं बघू नका माझ्याकडे. 'फळी' तुमच्यातही आहे, माहितीय मला, मघाशी मीच वाचली.

एकदा राहिली काढायची. एकदाच. मुलीचा ड्रेस होता, राखाडी, कॉलरचा, तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी. धागे तोडून, चिठ्ठ्या काढून, इस्त्री मारून द्यायचं काम माझं, आणि त्या दिवशी माझ्याकडून कॉलरच्या आत राहिली. आत बसली पाच माणसांसमोर, आणि त्यांतली एक बाई, अगदी सौजन्याने, उठली आणि म्हणाली, तुमच्या मानेला काहीतरी लागलंय. काढून हातात दिली. पाचही जणांनी वाचली असणार, अक्षर मोठं असतं ना माझं – मास्तरांचं. मास्तरांचं अक्षर मोठं होतं.

तर पोर घरी आली, ड्रेस घडी करून कापायच्या टेबलावर ठेवला, आणि चिठ्ठी धरून विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, बाबांनी. – हो, माझीच लेक. आणखी कुणाची असणार? एकुलती एक. आणि मास्तर तिथेच उभे होते, हातात कात्री. मान खाली घातली आणि म्हणाले, चुकलं गं माझं. संपला विषय! आठ दिवसांत बाईसाहेबांनी सामान बांधलं. अकरा वर्षं झाली.

आणि गंमत ऐका. गेली ती गेली, पण दुपारी मी जेवायला वर गेले की खाली दुकानातला फोन वाजायचा. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. आणि मास्तर हळू आवाजात बोलायचे. मी जिन्यात उभी राहून ऐकायची – जेवलीस का, बूट घेतलेस का, हसायचेसुद्धा. मी खाली आले की फोन ठेवून द्यायचे. मी म्हणायची मनात, हा कुठला न्याय? ज्याने पिंप लिहिलं त्याच्याशी गुलुगुलु गप्पा, आणि आईशी अबोला! चांगली चार माणसांत बोलून दाखवायची मी हे. मावशीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, ह्या चष्मेवाल्याला सांगितलं, सगळे म्हणाले, हो ना, आजकालची मुलं. अकरा वर्षं सांगतेय. आणि तिला अक्षर मी शिकवलंय हो, पाटीवर हात धरून. ती माझं अक्षर ओळखणार नाही तर कुणाचं ओळखणार? मास्तरांना ठाऊक, तिला ठाऊक, दोघं मिळून माझी अब्रू सांभाळत बसले, आणि मी जिन्यात उभी राहून त्यांनाच नावं ठेवतेय.

– पुरे, पाणी नको मला. आणि तुम्ही काही बोलू नका आता, 'सवयीने लिहिलं असेल' वगैरे. तेच सांगत आले मी स्वतःला. त्या पोरीला चिठ्ठीची गरजच नव्हती. ह्या पडद्यामागे पोट आत न ओढणारी एकच मुलगी पाहिली मी, ती माझी. हात पसरून मजेत उभी राहायची, तोंडात काहीतरी चघळत. आकडा खरा होता तिचा, दोन बोटं कशाला जास्त धरायची? रागाने लिहिलं. ड्रेस बेतायच्या दिवशी सकाळी तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं, मी टोकलं, पुरे आता, कोण नोकरी देईल – तर हसली. 'आई, मला भूक लागते.' एवढंच म्हणाली आणि हसली. तिने चिडायला हवं होतं ना? रडायला हवं होतं, मी रडायची तसं. माझा जन्म गेला पोट आत ओढण्यात, माझ्या आईने ओढायला शिकवलं, आणि ही बया हसते! मग खाली आले आणि लिहिलं. ते माप नव्हतं. शिवीच होती. तुमच्या त्या अकराजणींना ज्यांनी दिल्या त्यांचं मला ठाऊक नाही, पण बारावीची मीच दिली.

तिचं माप दाखवा. – हं. खरं आहे. वाढलंय, पण खरं आहे. छाती, कंबर, सीट, सगळ्या आकड्यांचा मेळ बसतो. अजून ओढत नाही ती पोट. अहो, मी काय म्हणतेय, तिचं काहीच बिघडवू शकले नाही मी.

तर अकरा जॅकेटं मशीनवर भरते, बारावं हाताने. हो, 'पिंप'च. तिने सांगितलंय तेच. पाठभर. फिटिंगला तिला बोलवू नका, गरज पडायची नाही. आणि तिने विचारलं, काय म्हणाली, तर सांगा, पुष्कळ बडबडली, सगळ्या जगाला नावं ठेवली, पण एक वाक्य तेवढं निरोपात दिलं नाही. ते तुमच्या हाती नाही पाठवणार मी. चौकात किती वाजता उभ्या राहणार तुम्ही? – अकरा. दुकान बंद ठेवीन. तिच्या मागे येऊन उभी राहते, आणि मी लिहिलं होतं, हे तिच्या पाठीला सांगते, चारचौघांत, मोठ्याने. वळायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं.

पावती नको, काही नको. या तुम्ही. – या म्हटलं ना. मला अक्षर काढायचंय.