गावच्या जावयाने काढलेली शिडीबाई

अध्यक्ष महाराज, भाऊसाहेबांच्या घरची मंडळी, आणि माझ्या उंद्रीकरांनो,

बाजाराचा दिवस असून तुम्ही दुकानं सोडून इथं आलात. मला बोलणं जड जातंय. खरं तर जाऊ नये. मी वर्तमानपत्रातला माणूस. कोणी मोठा माणूस गेला की संध्याकाळच्या आत त्याच्याबद्दल चांगलं लिहून देतो. भाऊसाहेबांचं मात्र जमलं नाही. कागद कोरा राहिला. म्हणून तसाच उभा आहे.

भाऊसाहेब थोर चित्रकार होते. त्यांच्या चित्रकथांचा अंक आला नाही असं घर नव्हतं. अशी रेघ मी पुन्हा पाहिली नाही. हे आधी सांगतो, कारण ते खरं आहे.

पण मंडळी, ते आपले जावई होते. गावचे जावई. दर पोळ्याला सासरी यायचे. त्यांच्यासाठी ओसरीवर गादी पडायची, आणि त्यांना उलट बोलायची कोणाची छाती नव्हती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या साली मी नऊ-दहा वर्षांचा होतो. बैल तोरणाखाली उभे राहिले. एकमेकांना टोमणे मारायच्या झडत्या सुरू झाल्या. माझी ताई, कमल, अंगानं उंच. कोणीतरी ओरडलं, "तोरण बांधाले शिडी काऊन लागते बे? कमलीले बोलवा!" सगळे हसले. ताईही हसली. झडतीचा राग कोणी धरत नाही. सांजेला पुरणपोळी खाल्ली की ती संपते.

भाऊसाहेबांनी ती संपू दिली नाही. दिवाळीनंतरच्या अंकात शिडीबाई आली. तेच लांब हात, तीच मान, गालावरचा तीळसुद्धा. मग ती दर महिन्याला येऊ लागली. पोरं ताईच्या मागं धावायची. बाबा म्हणायचे, "गावचा जावई हाये. काय बोलता त्याले?"

पुढच्या पोळ्याला ताईच बोलली. बीबी गावचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. ती माझा हात धरून भाऊसाहेबांकडे गेली.

"या शिडीबाई!" ते म्हणाले.

"भाऊसाहेब, पाहुणे येऊन राह्यले. माह्यं चित्र बंद करा."

"अगं वेडे, अख्खा महाराष्ट्र तुझ्यावर खूश आहे."

"महाराष्ट्राले माह्यासंगं लगन करायचं हाये काय?"

भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा! पुन्हा म्हण बरं."

ताईनं पुन्हा म्हटलं. तिला वाटलं, माणसाला पटलं. मला त्यांनी पेपरमिंट दिलं, डोक्यावर हात फिरवला. परतताना ताई रस्ताभर बोलत होती.

पुढच्या अंकात काय आलं, आठवतं का कोणाला? शिडीबाई हात जोडून उभी. समोर फेटेवाल्यांची बुटकी रांग. आणि ती विचारतेय, "महाराष्ट्राला माझ्याशी लग्न करायचंय का?" ताईचंच वाक्य. फक्त भाषा शुद्ध करून घेतलेली.

पाहुणे आले ते हसू दाबतच. नवरदेवाचा लहान भाऊ दारातच ओरडला, "अबे, शिडीबाई!" पोहे खाल्ले, चहा प्याले, गेले. नंतरचेही तसेच गेले. मग कोणी येईना.

कोण हसलं होतं तेव्हा? अंक पुण्यात छापला जायचा, पण वाचला आपणच. चिखलीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या ताईला आजही शिडीबाई म्हणूनच हाक मारता. तिचं नाव कमल आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

मागं आपण भाऊसाहेबांचा सत्कार केला. कोणी विचारलं, शिडीबाई तुम्हाला सापडली कुठं? ते म्हणाले, "कुठं सापडणार? माझ्या कल्पनेतली आहे ती." आपण टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. नाटक करत नव्हते, मंडळी. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

आज सकाळी ताईला म्हटलं, तू येऊ नको. ती म्हणाली, "येतो मी. खरंच गेला काय, ते पाहाले नको?"

ती आलीय. डावीकडे, बायकांच्या मागं, खांबाला टेकून बसलीय. संयोजकांनी मोठ्या प्रेमानं भाऊसाहेबांच्या फोटोशेजारी शिडीबाईचं चित्र मांडलं. दोन्हीला सारखेच हार घातले. दारातून आत येताच ताईनं ते पाहिलं आणि मला विचारलं, "मले काऊन मारलं रे यायनं?"

जित्या माणसाच्या चित्राला आपण हार घालतो का, उंद्रीकरांनो?

अध्यक्ष महाराज, भाऊसाहेबांना माझा नमस्कार. त्यांच्यासाठी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी कोणीतरी उठा, आणि माझ्या बहिणीच्या गळ्यातला तो हार काढा.

मी थांबतो.