बटनांचं बारसं

२००९ साल. जामच्या फाट्यावर वर्ध्याच्या बसची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. बहिणीच्या हातात पांढरी काठी होती.

“नीरज, तू बनवलेल्या वेबसाइटवर मी टेलिफोनवरच्या नोकरीचा फॉर्म दोनदा भरला. दोन्ही वेळा पुसल्या गेला.”

“काऊन? हिरवं बटन पाठवायचं, लाल बटन पुसायचं. वरतून चित्रंबी काढली ना, ताई.”

“चित्रं मले दिसतात काय? माह्या कॉम्प्युटरातली बाई पडद्यावरचं मोठ्यानं वाचते तेच मले समजते. अन् ते दोन्हीवर नुसतं ‘बटन’ म्हणते!”

“अरे बाप्पा! चित्रामागं नाव लिहा लागते. ते मी लिहिलंच नाई.”

“सगळी दुनिया डोळ्यानंच पाह्यते वाटलं तुले? उद्या शेवटची तारीख हाय.”

“दोन ओळीचं काम हाय, आजच करतो. नावं तू सांग.”

“मले काऊन विचारून राह्यला?”

“बटनं माही लेकरं. मंग आत्या कोन? बारशात नाव आत्याच ठेवते ना?”

“आत्या लेकराच्या कानात नाव सांगते, येड्या.”

“हे लेकरू आत्याच्या कानात सांगन.”